तिसरी घंटा

खडूनं आखलेली कोठडी पहिल्याच दिवशी चुकली.
आम्ही आखली होती आठ बाय आठ,
किसुमूच्या शाळेत, बाक भिंतीला सरकवून.
आवुओर आली थेट बाजारातून,
हाताला सुक्या ओमेनाचा वास.
चपला बाहेर काढून आत उभी राहिली,
हात पसरले, मिटले,
म्हणाली, अर्धी करा.
आणि पायानंच पुसली आमची रेघ.

सोळा वर्षं होती ती तिथे, फाशीच्या बराकीत.
कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.
विचारायचं नाही असं काही ठरलं नव्हतं,
पण विषय तिकडे वळला की
कुणीतरी नेमका चहा ओतायला उठायचं.
बहुतेक वेळा मीच.

तिची भूमिका कन्सोलाटाकडे.
दिवसा बँकेत नोटा मोजते,
संध्याकाळी रडते. छान रडते,
निकालाच्या प्रवेशात तर गुडघ्यांवरच कोसळते.
आवुओरनं ते तीनदा बघितलं.
मी रडले नव्हते, म्हणाली.
न्यायाधीश इंग्रजीत बोलला, दुभाष्या अडखळला,
मग त्यानं वापरला तो शब्द
जो आम्ही वापरतो जाळी वाळत टांगताना.
मला वाटलं, कुणाच्या तरी जाळ्याची तक्रार आहे.
माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या,
मी पाय बदलत होते.

कन्सोलाटानं वहीत लिहून घेतलं: पाय बदलणे.

ओडेरा सर आमचे दिग्दर्शक, निवृत्त, जुन्या वळणाचे.
प्रयोगाआधी तीन घंटा झाल्याच पाहिजेत,
मग आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा का असेना.
आवुओर म्हणाली, आमच्याकडे दोनच व्हायच्या,
सकाळी मोजायला, संध्याकाळी मोजायला.
आणि तिसरी? सरांनी हसत विचारलं.
तिचीच तर वाट बघायचो, ती म्हणाली.
ती हसली नाही. सरही मग चष्मा पुसत बसले.

शेवटासाठी त्यांनी दोरी आणली होती, सायसलची, नवी,
अंधार, एक दिवा, भिंतीवर सावली.
आवुओरनं दोरी हातात घेतली, पीळ बघितला,
केवढ्याला पडली ते विचारलं.
आम्ही दोरी कधी बघितलीच नाही, सर.
पावलं यायची. चावी फिरायची.
वाटायचं, आज.
आणि लापशी यायची.
रोज लापशी यायची.
सोळा वर्षं.

शेवट कसा करायचा यावर त्या रात्री कुणी बोललं नाही.

प्रयोगाला हॉल भरला.
सरोवरावरची चिलटं झुंडीनं आली, दिव्याभोवती धूर झाली,
पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं तोंड झाकून बसल्या.
मी विंगेत, मांडीवर संहिता, बोट ओळीवर.
शेवटच्या भाषणाला कन्सोलाटा उभी राहिली
आणि गप्प.
विसरली. मला वाटलं, विसरली.
तिची ओळ माझ्या ओठांवर आली,
तोच एक हात माझ्या तोंडावर.
मासळी, मीठ, खरबरीत बोटं.
थांब, आवुओर म्हणाली.

किती वेळ, सांगता येत नाही.
एक खुर्ची करकरली. कुणाचं पोर खोकलं.
कन्सोलाटाच्या कपाळावर चिलट बसलं, तिनं उडवलं नाही.
मग तिनं एक पाय बदलला.
थोड्या वेळानं दुसरा.

टाळ्या वाजवायच्या की नाही, लोकांना कळेना.
काही जण तसेच उठून गेले.
एक म्हातारा दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सामान मोजलं:
मग चार, घोंगड्या दोन, चाव्यांचा जुडगा एक.
दोरी सापडली नाही.
दुपारी बाजाराच्या वाटेवर बघितली,
आवुओरची तपकिरी शेळी
नव्याकोऱ्या सायसलला हिसके देत,
कुणाच्या तरी कुंपणाचा पाला ओढत होती.

यादीत मी लिहिलं:
दोरी एक. कामाला लागली.